थोरल्याची मूठ

माझ्या घरमालकांचं धुळ्यात देवपुरात तीन मजली घर होतं आणि ते स्वतः अंगणात उभ्या असलेल्या जुन्या मॅटाडोरमध्ये राहायचे. जागा बघायला गेलो तेव्हा ही गोष्ट मला कुणी सांगितली नाही. पाणी कधी येतं, गच्चीवर वाळवण घालायची पाळी कुणाची, सगळं सांगितलं, हे सोडून. पहिल्या सकाळी झोपेतच ठसका लागला, डोळे उघडले तर खोलीभर धूर. आग लागली समजून मी बनियनवर खाली धावलो. अंगणात मॅटाडोर घरघरत उभी होती आणि स्टिअरिंगमागे नाना बसले होते. खांद्यावर टॉवेल, हातात चहाचा ग्लास.

“घाबरू नका, फैजपूरवाले,” ते म्हणाले. “थोरला खोकी राहिना.”

थोरला म्हणजे ती गाडी, आणि तिचं खोकणं म्हणजे हा धूर. मुलगा जन्मायच्या आधी घेतली, म्हणून ती थोरला. मागून जन्मलेला मुलगा धाकला. हा धाकला आता पुण्यात इंजिनिअर होता, त्याच्या डोक्यावरचे केस मागे हटत चालले होते, पण घरात त्याचं नाव धाकलाच. एकुलता एक असून जन्मभर दुसऱ्या नंबरवर राहिलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी औषधाच्या कंपनीत फिरतीच्या नोकरीला. बायको फैजपूरला शाळेत, मी धुळ्यात खोली करून. आज शिरपूर, उद्या साक्री, परवा जळगाव, मग रावेर. डॉक्टरांच्या दारात बॅग मांडीवर घेऊन बसायचं, दोन मिनिटं बोलायला मिळाली की तेच हसू, तीच गोळी, तेच माहितीपत्रक. संध्याकाळी घरी येईपर्यंत माझ्या अंगातला रस निघून नुसता चोथा उरलेला असे. चाक दिसलं तरी मळमळावं अशी माझी अवस्था होती, आणि नेमका अशा माणसाच्या घरी येऊन पडलो होतो ज्याला चाकावर असल्याशिवाय झोप येत नसे.

नाना पाटबंधारे खात्यात ओव्हरसीयर होते. उभी नोकरी धरणांच्या कामांवर, पत्र्याच्या शेडांत आणि तंबूंत गेली. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने हे घर बांधलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात उशी घेऊन मॅटाडोरमध्ये गेले. कुणी विचारलं तर म्हणायचे, “स्लॅबखाल माणूस शिजस. पत्राखाल नुसता तपस.” एवढं एकच वाक्य. त्यावर वाद घालायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने चहा पिऊन परत येई.

गाडी त्यांनी रावेरच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली. दोन्ही अंगांना त्या व्यापाऱ्याने रंगवून घेतलेली अक्षरं होती, ‘उत्तम केळीचे व्यापारी, रावेर’, आणि शेजारी केळीचा घड. ऊन-पावसाने घड फिका पडून नुसती छाया राहिलेली, पण वाचता येत होतं. आत नानांनी स्वतःच्या हाताने संसार मांडला होता. सागवानी फळीचा पलंग, दिवसा उचलला की खाली भांडी, कोपऱ्यात शेगडी, टपावर पाण्याची टाकी आणि तिचा नळ मागच्या दाराशी. दाराला घंटी. पडदे अक्कांच्या जुन्या लुगड्याचे. मी आत पाऊल टाकलं की नाना नाक वर करून म्हणत, “येस का वास? तुमना बाजूना केळीना शे.” मला डिझेलशिवाय कसलाही वास येत नसे, पण मान हलवायचो. दमलेला माणूस चटकन कबूल होतो.

अक्का म्हणजे त्यांची बायको. त्या मात्र घरात राहायच्या. गाडी अशी लावलेली होती की तिची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर येई. नवरा-बायकोचा सगळा संसार या दोन खिडक्यांतून चाले. भाकरी तिकडून इकडे, रिकामं ताट इकडून तिकडे, गोळ्या, पेपर, भांडणं, सगळं.

“हाई धूड कदी निघी हो आंगनमाईन!” अक्का दिवसातून एकदा तरी म्हणायच्या.

“आपीन दोन्ही निघूत तवय,” नाना आतून म्हणायचे.

मी राहायला आलो तेव्हा ते अजून गाडी चालवत. पूर्वी दोघं मिळून तोरणमाळला, उनपदेवला, एकदा तर ओंकारेश्वरपर्यंत जाऊन आली होती. अक्का शेगडीवर पिठलं करायच्या आणि वाटभर कुरकुरायच्या. माझ्या काळात मजल सोनगीरच्या पुढे जात नसे. रविवारी मी मेल्यासारखा पडलेलो असलो की खालून हॉर्न. “चला, फैजपूरवाले, सोनगीरले जाई येऊत.” हायवेवर कंटेनर आमच्या कानाशी भोंगे वाजवत जात आणि नाना बैलगाडीच्या चालीने. किल्ल्याच्या पायथ्याशी थांबायचं, शेगडी पेटवायची, चहा प्यायचा आणि परत. किल्ल्यावर आम्ही एकदाही चढलो नाही. मी चिडायचो मनातल्या मनात. आठवडाभर रस्ता खाऊन पुन्हा हे काय. पण खरं सांगतो, त्या चहाच्या वेळी माझ्या मांडीवर बॅग नसायची आणि समोर कुणी घड्याळ बघत नसायचं. तेवढा वेळ मला बरं वाटायचं.

आता कानबाईचं सांगितलं पाहिजे, त्यावाचून नाना कळायचे नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. त्याआधी घर झाडून-पुसून रंगवून काढतात. देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, गहू घेतात तो घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, एकेकाचं नाव घेऊन. आणि तो रोट भाऊबंदांतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. नानांच्या घरी मुठींचा क्रम ठरलेला होता. पहिली नानांची. दुसरी थोरल्याची. तिसरी धाकल्याची. मग नातवाची.

गाडीची मूठ! म्हणे गाडी आली त्या वर्षी नानांनी गंमत म्हणून टाकायला लावली. पुढच्या वर्षी अक्का विसरल्या, आणि गाडी साक्रीच्या घाटात बंद पडली. तेव्हापासून ती मूठ चुकली नाही. धाकला लहानपणी रडायचा म्हणे, त्याची मूठ गाडीच्या आधी टाका म्हणून हातपाय आपटायचा. नाना समजूत घालायचे, “भाऊ, तो तुना पहिले वना ना घरमा. मान त्याना.” मला हे सगळं अक्कांनीच सांगितलं, खिडकीत उभं राहून, तोंडाला पदर लावून हसत. मी भाडेकरू, म्हणजे बाहेरचा. गाडीच्या नावाचा रोट घरात शिजायचा आणि मला मात्र नुसता वास.

पहिल्यांदा गाडी मागायला आला तो भंगारवाला. वजनावर घेतो म्हणाला. नानांनी त्याला पाणी पाजून बोळवलं. मग लॉकडाऊन आला, गेला, आणि शहरातल्या लोकांना काय झालं कोण जाणे, ज्याला त्याला चाकावर घर पाहिजे झालं. नानांच्या नातवाने कधीतरी गाडीचा फोटो कुठेतरी टाकला होता. तो फिरत फिरत जुन्या व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर गेला. एका हिवाळ्यात पुणे, नाशिक, इंदूर अशा पाट्यांच्या चार-पाच जुन्या व्हॅन हायवे सोडून आमच्या गल्लीत घुसल्या. पोरं-पोरी उतरली, थोरल्याभोवती फिरली, गुडघ्यावर बसून खालून बघितलं, फिक्या घडावर हात फिरवला. देवळात आल्यासारखी हळू बोलत होती. अक्कांनी वांगी भाजून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. एका दाढीवाल्या पोराने जेवताना अदबीने विचारलं, “काका, हा व्हॅनलाइफचा प्रवास तुम्ही नेमका कसा सुरू केला?”

“घरमा उकडे,” नाना म्हणाले आणि भरीत वाढून घेतलं.

त्या पोराने ते वाक्य लिहून घेतलं. मला हसू आलं आणि नंतर वाईटही वाटलं. ती मंडळी मनापासून आली होती. भाव कसे चढलेत हे त्यांनीच सांगितलं. दोन-तीन वर्षांपूर्वी शेतात कोंबड्या बसायच्या अशा गाड्यांना आता नव्या कोऱ्या मोटारीची किंमत येत होती. आणि हातची जुनी अक्षरं असलेली तर कुठेच राहिली नव्हती. नानांनी सगळं ऐकून घेतलं. ती पोरं गेल्यावर मला म्हणाले, “महाग व्हई ग्या आपला थोरला. आते कोनी नजर लागी त्याले.” आणि बोनेटला मिरची-लिंबू बांधलं.

नजर लागली ती नानांनाच. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांचा डावा पाय लुळा पडला. जरा हिंडता-फिरता येई, पण क्लच दबेना. एकदा त्यांनी गाडी फाटकापर्यंत नेली, फाटकाला धडकवली आणि तिथेच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मी आणि शेजाऱ्यांनी ढकलून गाडी मागे घेतली. त्यानंतर ते फक्त सकाळी खोकला काढायला इंजिन सुरू करत. वरच्या भाडेकरूंनी धुराबद्दल महापालिकेत अर्ज केला. त्यावर माझीही सही आहे.

धाकला पुण्याहून आला. तो वाईट माणूस नाही. आईबापाची काळजी करकरून आंबलेला माणूस आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं. या वयात, या पायाने वडील पत्र्याच्या डब्यात झोपतात, आई एकटी घरात. दोघांना पुण्याला न्यायचं. खालचा मजला आणि अंगण मिळून दुकानं काढायची. आणि गाडीला आज भाव आहे, हे वेड उद्या उतरलं तर पुन्हा भंगारवालाच येईल. गिऱ्हाईक त्याने आणलंच होतं, तोच दाढीवाला पोरगा.

नाना भांडतील असं मला वाटलं. ते भांडले नाहीत. खूप वेळ पाय चोळत बसले. मग धाकला म्हणाला, “नाना, एकदा तरी मन्हं ऐका. बठ्ठी जिंदगी मी त्याना मांगे उभा शे.” तो हे मोठ्याने बोलला नव्हता. नानांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “लई जाय म्हना.”

झालं. कानबाई झाल्यावर सोमवारी न्यायचं ठरलं. निघताना त्या दाढीवाल्या पोराने स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन अक्कांना हात जोडून सांगितलं, “काकू, तोपर्यंत गाडीला काहीही करू नका. धुऊसुद्धा नका. हा जुना रंग आणि ही अक्षरं, किंमत सगळी त्याचीच आहे.” जाताना फाटकातून परत येऊन पुन्हा सांगितलं. मी तिथेच उभा होतो. अक्का तांदूळ निवडत मान हलवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी इंजिन वाजेना. मी मात्र त्या वेळेला जागा व्हायचो आणि कान देऊन पडून राहायचो. अर्जावर सह्या करणारे सगळेच म्हणे जागे होत होते. नाना गाडीतच असायचे, पण पडदा ओढलेला. अक्का खिडकीतून ताट सरकवायच्या, ते तसंच परत यायचं. “आजारी शेतस का?” अक्का विचारायच्या. ज्या बाईने जन्मभर धूड काढा म्हणून घोशा लावला, ती आता त्या पडद्याकडे बघत पोळी करपवत होती. मला ते बघवेना. मी मुद्दामच रावेरकडचा दौरा काढला आणि चार दिवस तिकडे राहिलो.

परत आलो आणि फाटकाशीच पाय थबकले. सगळं पोपटी. घराची दारं पोपटी, खिडक्यांचे गज पोपटी, तुळशीचं वृंदावन पोपटी. आणि थोरला टपापासून चाकांपर्यंत पोपटी, ऑइल पेंटने चकाचक. अक्षरं गेली. घड गेला. उरलेला रंग संपवायला म्हणून की काय, पाण्याची टाकीही रंगवलेली.

“अक्का,” मी ओरडलोच, “अहो, त्या पोराने सांगितलं होतं ना हात लावू नका म्हणून!”

“कानबाईले घर रंगाडतस, भाऊ,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तो बी घरनाच शे ना? पेंटर घर रंगाडी राहिंता, मंग त्याले कसा सोडू?”

“पण दोनदा सांगितलं होतं त्याने!”

“सांगं व्हतं? माले आते कानले कमी आयकू येस.”

गल्लीच्या टोकाला दूधवाल्याची सायकल वळली की या बाई भांडं घेऊन बाहेर यायच्या. मी बॅग उचलून जिना चढलो.

रविवारी कानबाई बसली. मुठी पडल्या, थोरल्याचीही पडली; शेवटची म्हणून धाकल्यानेही काही म्हटलं नाही. रंग बघून तो हादरला होता, पण सणाचं घर म्हणून तोंड आवरून होता. सोमवारी देवी बोळवून आलो तर दाढीवाला पोरगा फाटकात उभा. तो जागचा हललाच नाही. मग जवळ जाऊन जिथे घड होता तिथे बोट लावलं. बोटाला पोपटी रंग लागला.

“काका,” तो म्हणाला, “हे काय केलंत?” आणि ओट्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. त्याने कारागीर शोधायची गोष्ट काढली, रंग खरवडला तर खालची अक्षरं येतील का विचारलं, स्वतःच मान हलवली. मग म्हणाला की आता ही त्याच्या कामाची नाही. चहा न पिता गेला. धाकला आईकडे वळला. “माय! तुले माहीत व्हतं!”

“माले काय समजस त्यानामा,” अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाना दुपारभर पडद्याआड होते. संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर गेलो तेव्हा खालून त्यांचा आवाज आला. पडदा बाजूला झालेला होता.

“रंग ब्येस शे,” नाना म्हणाले.

“चहा ल्या,” अक्का म्हणाल्या आणि कप सरकवला.

दुसऱ्या सकाळी खोलीभर धूर. मी खोकत खोकत उठून बसलो आणि इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. अर्जाचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

नाना त्या हिवाळ्यात गेले. गाडीतच, झोपेत. अक्का ताट घेऊन खिडकीत उभ्या राहिल्या आणि हाका मारत राहिल्या. माझी पुढे जळगावला बदली झाली. तिथेही तेच दवाखाने, तीच बॅग. घरमालक स्लॅबखाली राहतो, कधी काही बोलत नाही. अक्का पुण्याला गेल्या नाहीत. कानबाईला घरी कोण बसवील, एवढंच म्हणायच्या. दुकानं राहिली ती राहिलीच.

नाना गेल्यानंतरच्या श्रावणात घरात दुःख म्हणून कानबाई बसली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी अक्कांचा फोन आला, या म्हणून. मी गेलो. धाकला बायको-मुलासह आलेला होता. अक्का स्वयंपाकघरात परातीपुढे बसल्या होत्या, शेजारी सुपात गहू. मी बाहेरचा, म्हणून दाराशीच उभा राहिलो. पहिली मूठ आजवर नानांची असायची. अक्कांनी सुपात हात घातला, मूठ भरली आणि हात तसाच धरून बसल्या. कुणाचं नाव घ्यावं ते त्यांच्या तोंडी येईना. मग धाकल्याकडे बघून म्हणाल्या, “ये भाऊ. आते तुनी पहिली.”

धाकला जागचा उठला नाही. तो समोरच्या खिडकीतून बाहेर बघत होता. पलीकडे पोपटी पत्रा, त्यात ती दुसरी खिडकी, आणि लुगड्याचा पडदा.

“माय,” तो म्हणाला, “पहिले थोरल्यानी टाक.”

अक्कांची मूठ परातीवर उघडली. वरची पाव मूठ त्यांनी चिमटीने मोजल्यासारखी हळूहळू सोडली. मग पदराने डोळे पुसले आणि पुन्हा सुपात हात घातला.

“चाल धाकल्या,” त्या म्हणाल्या, “आते तुनी,” आणि तो टक्कल पडत चाललेला इंजिनिअर निमूट पुढे सरकून बसला.